झाऊ (कोलोरॅडो नदीखोऱ्यातील)

टॅमॅरिकेसी कुलातील टॅमॅरिक्स प्रजातीची झुडपे व लहान वृक्ष. मूळस्थान यूरोप, आशिया व आफ्रिका. भारतातील नदीपात्रांतही काही जाती आढळतात. एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी अमेरिकेत आणलेला झाऊ पुढे जमिनीची धूप रोखण्यासाठीही लावला गेला. तेथील वाळवंटी नद्यांच्या काठी आता त्याचे दाट रान माजले आहे.

प्रसार : कॉटनवुड व विलो (वाळुंजाची प्रजाती) हे तेथील मूळचे वृक्ष. त्यांचे अल्पायुषी बी वसंतातला पूर ओसरताना ओल्या गाळात रुजते. हूव्हर (१९३५) व ग्लेन कॅन्यन (१९६३) धरणांत पाणी अडल्यावर खालच्या पात्रातले मोठे पूर थांबले आणि ही संधी हुकली. झावाचे बी मात्र उन्हाळाभर पडत राहते. त्याच्या पानांतील ग्रंथी मीठ बाहेर टाकतात. पानगळीबरोबर ते जमिनीत उतरते आणि पुराअभावी तिथेच साचते.

माशीमार पक्षी : नैर्ऋत्य विलो माशीमार हा सुमारे १५ सेंमी. लांबीचा कीटकभक्षी पक्षी १९९५ पासून संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे. विलो नाहीशी झाली तेथे तो झावाच्याच गर्दीत घरटी बांधू लागला.

जैविक नियंत्रण : झावाची पाने खाणारे डायोऱ्हॅब्डा भुंगेरे २००१ मध्ये खुल्या रानात सोडण्यात आले. दक्षिणेत उन्हाळ्यातले दिवस तुलनेने लहान असल्याने ते लवकर सुप्तावस्थेत जातील व तेथे टिकणार नाहीत, असा अंदाज होता. २००६ मध्ये यूटातील सेंट जॉर्जजवळ, व्हर्जिन नदीकाठी ते सोडले गेले. पुढे काही पिढ्यांतच त्यांची सुप्तावस्था उशिरा सुरू होऊ लागली व ते दक्षिणेकडे पसरले. भुंगेऱ्यांनी ऐन विणीच्या हंगामात झाऊ निष्पर्ण केला, की माशीमाराची घरटी उन्हात व भक्षकांच्या नजरेत उघडी पडतात. २०१० मध्ये अमेरिकी कृषी खात्याने भुंगेरे सोडणे थांबवले. पसरलेले भुंगेरे परत घेणे मात्र शक्य नव्हते.

पुनरुज्जीवन : झाऊ अतोनात पाणी पितो, हा समज नंतरच्या मोजमापांत टिकला नाही, त्याचा पाणीवापर स्थानिक वृक्षांइतकाच ठरला. त्यामुळे केवळ पाणी वाचवण्यासाठी सरसकट तोड करण्याचा युक्तिवाद लंगडा पडतो. आधी विलो लावून ती वाढू द्यावी आणि झाऊ टप्प्याटप्प्याने काढावा, ही पद्धत पक्ष्याला मानवते. तीही धरणातून योग्य वेळी पाणी सुटले किंवा सिंचनाची सोय असली, तरच साधते.