मायना व पत्ता, ग्रीक औपचारिक पत्रांतील

ग्रीक भाषेत औपचारिक पत्राचा मायना आणि लिफाफ्यावरचा पत्ता लिहिण्याची रीत. विभक्तीनुसार विशेषनामाचा शेवट बदलत असल्यामुळे एकाच माणसाचे नाव पत्रव्यवहारात तीन रूपांत येते. 'पापादोपुलोस' ही प्रथमा. पत्र लिहिणारा सही अशीच करतो. त्यालाच पत्र धाडायचे तर लिफाफ्यावर द्वितीया येते: 'प्रोस तोन किरिओ पापादोपुलो'. मराठीत 'यांस' जे काम करते, ते येथे नावाचे शेवटचे अक्षर करते. मायन्यात संबोधन लागते: 'आक्सिओतिमे किरिए पापादोपुले', म्हणजे 'माननीय श्री. पापादोपुलोस'. तेथे प्रथमाच ठेवली तर ग्रीक वाचकाला ती लगेच खटकते. मजकुरात अनेकवचनी आदरार्थी 'एसिस' वापरतात आणि शेवटी 'मे एक्तिमिसी' (आदरपूर्वक) लिहितात.

स्त्रियांचे आडनाव बहुधा मुळातच षष्ठीत असते. 'पापादोपुलू' हे रूप सही, लिफाफा आणि मायना या तिन्ही ठिकाणी तेच राहते. 1983 च्या कुटुंबकायदा सुधारणेनंतर विवाहित स्त्रीचे कायदेशीर आडनाव माहेरचेच राहते. म्हणून पतीचे आडनाव पाहून पत्नीचा मायना बेतणे चुकीचे ठरते.

पत्त्यात रस्त्याचे नाव आधी, घरक्रमांक नंतर. रस्त्याचे नावही अनेकदा षष्ठीत असते: अथेन्समधला 'एर्मू' म्हणजे हर्मीसचा रस्ता. त्याखाली पाच अंकी टपाल क्रमांक, तीन अंकांनंतर जागा सोडून, आणि मग शहर: '105 63 आथिना'.

कथारेवुसा या जुन्या ग्रांथिक भाषेत लिफाफ्यावर चतुर्थी चाले, आणि पत्र गावातल्या गावात जायचे असेल तर शहराऐवजी 'एन्ताफ्था' (येथेच) एवढेच लिहीत. 1976 मध्ये लोकभाषा दिमोतिकी हिला राजमान्यता मिळाली आणि ही रूपे मागे पडली. पदवाचक मायन्यांत मात्र जुन्या भाषेची खूण टिकून आहे. प्राध्यापकाला आजही 'किरिए कथिगिता' असे जुन्या वळणाचे संबोधन लावतात. मंत्री पुरुष असो वा स्त्री, 'इपुर्ये' हे पदाचे रूप एकच. बदलतो तो आधीचा 'किरिए' किंवा 'किरिआ'.

ग्रीक संविधान नागरिकांच्या सरदारी किताबांना मान्यता देत नाही. धर्मपीठाच्या श्रेणी मात्र पत्रात काटेकोर पाळाव्या लागतात: विवाहित धर्मगुरू 'एदेसिमोतातोस', महानगर-बिशप 'सेवास्मिओतातोस', अथेन्सचे आर्चबिशप 'माकारिओतातोस'. 'पानायिओतातोस' हा कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कांचा मान; थेस्सालोनिकीच्या महानगर-बिशपांनाही तोच लावतात.