चिठ्ठीची चीटी

बंगळुरूतल्या बसवनगुडीच्या गांधी बाजारात फूलवाल्या अक्कांच्या तोंडी 'चीटी' सतत ऐकू येते. ही आपली चिठ्ठीच. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे भरायचे, नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, जिची निघेल तिने महिन्याची जमा उचलायची. पुढे लिलाव आला; जी त्या जमेतून सर्वांत जास्त सूट सोडेल, उचल तिची. इंग्रजांनी चिठ्ठीचं 'चिट' केलं आणि १९८२च्या चिट फंड कायद्यात तेच बसलं.

२०१३ साली बंगालमध्ये शारदा समूह कोसळला. त्याची योजना खरी चिट नव्हतीच, तरी बातम्यांनी तिला चिट फंडच म्हटलं. या अन्यायाचं मला फार वाईट वाटतं. कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने चिटला 'फ्रॅटर्निटी फंड' असं पर्यायी नावही दिलं. महाराष्ट्रात आपण भिशी लावतो. इथे अक्का चीटीच भरतात.