गावाकडची आई, खानावळीतली आई

मराठीत आईच्या गौरवाला कधीच तोटा पडला नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तेव्हा त्यांची आई हयात नव्हती आणि कोकणातले घरही मागे पडले होते. आईचे गुणगान बहुधा तिच्यापासून दूर गेलेले लेकरूच करते. हे खरे मानले, तर करी रोड, लालबाग, परळ हा परिसर मातृप्रेमाच्या इतिहासात महत्त्वाचा ठरतो, कारण दूर आलेल्या लेकरांनीच तो वसवला.

रत्नागिरीकडच्या किंवा घाटावरच्या शेतकऱ्याला गेल्या शतकाच्या आरंभीची मुंबई परमुलूखच होती. १९२१ च्या जनगणनेनुसार शहरातील शंभरांपैकी सुमारे सोळाच माणसे मुंबईत जन्मलेली होती आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या जेमतेम सव्वापाचशे. गावकीच्या एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या गिरणी कामगाराची आई गावी राही. तिची थोडी शेती, तिने सांभाळलेली नातवंडे, आजारपणात परतायला उघडे असलेले तिचे दार यांच्या आधारावरच त्याचा तुटपुंजा पगार पुरे. मनिऑर्डर गावाला जाई, हे सर्वांना दिसले. गावाने गिरणीला काय दिले, याचा हिशेब मात्र कोणत्याही मालकाच्या वहीत नव्हता.

ज्या आया गिरणीतच काम करीत, त्यांची कथा अधिक कठोर आहे. कामावर जाताना तान्ह्या मुलाने शांत पडून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी दिली जाई. १९२१-२२ मध्ये डॉ. बार्न्स यांनी केलेल्या पाहणीत कामगार स्त्रियांच्या बहुतेक सर्व अर्भकांना अफू दिली जात असल्याचे आढळले. या मातांना निष्ठुर म्हणणे सोपे आहे. पण दहा तासांची पाळी आणि घरी बघायला कोणी नाही, अशा स्थितीत वात्सल्याला दुसरा कोणता मार्ग होता? बाळंतपणाच्या रजेचा प्रश्न मुंबईच्या कायदेमंडळात आला तेव्हा १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला. मात्र पुढील दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाणच घटत गेले. रात्रपाळीवरील बंदी, नवी यंत्रे आणि हा खर्च टाळण्याची मालकांची वृत्ती, अशी त्याची कारणे अनेक होती.

गिरणगावाने आईपणाला रक्ताच्या नात्याबाहेरही जागा दिली. रस्त्यावर सापडलेल्या नारायण सुर्वे यांना गंगाराम आणि काशीबाई या गिरणी कामगार दांपत्याने वाढवले. काशीबाई ज्या कमला मिलमध्ये कामाला जात, ती करी रोडहून चालत जाण्याच्या अंतरावर. आणि एकट्या पुरुषांना दोन वेळचे जेवण घालणारी खानावळवाली तर घरोघरी होती. पहाटेपासून चुलीशी बसून ती भाकऱ्या थापी. जेवणारे पगाराला पैसे देत, तोवर वाण्याचे देणे तिच्या डोक्यावर. तिला ‘मावशी’ म्हणण्यात आपुलकी होती; पण मावशी म्हटले की मजुरीचा प्रश्न उरत नाही, अशी सोयही त्यात होती. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा त्यांच्या रांधण्याला प्रथमच व्यवसायाचे नाव मिळाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात गिरण्यांचे भोंगे थांबले, हजारो कामगार गावी परतले आणि या चुलींचे गिऱ्हाईकही गेले.

आता गिरण्यांच्या जागी मनोरे आहेत. चाळीतून शिकून निघालेली काही मुले आखातात, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आहेत आणि मागे राहिलेली आई आता करी रोडचीच आहे. श्रावणातल्या पिठोरी अमावास्येला आपल्याकडे मातृदिन असतो. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात गेलेल्या लेकरांचा मातृदिन मेच्या दुसऱ्या रविवारी येतो. दोन्हींत प्रेम खरेच आहे. पण परमुलखातून केलेल्या आईच्या गौरवाला एक जुनी खोड आहे: ती दूर असल्याने तिची माया आठवते, तिचे कष्ट दिसत नाहीत. गिरणगावाच्या इतिहासात ते कष्ट सापडतात: शेताच्या बांधावर, बाळगोळीत आणि खानावळीच्या उधारीच्या वहीत. तो वाचल्यावर आईला फोन करणाऱ्याने तिच्या प्रकृतीबरोबरच आज तिचे घर कोण बघते, हेही विचारायला हवे.