काळी स्टाउट, आंबट चेरी : एका घोटामागचा इतिहास (थ्रेड)

१/ अमेरिकेतील मिशिगन राज्यात आंबट चेरी घालून एक काळीभोर बिअर तयार केली जाते : चेरी स्टाउट. पहिल्या घोटात भाजलेल्या कॉफीसारखा कडवटपणा जाणवतो, पाठोपाठ चेरीचा आंबटपणा येतो आणि शेवटी जिभेवर किंचित तुरटपणा रेंगाळतो. यांतील एकही चव केवळ निसर्गाने दिलेली नाही. त्यांच्यामागे कर आहेत, पेटंट आहे, एक भीषण अपघात आहे आणि हातून गेलेली जमीनही आहे.

२/ प्रथम काळा रंग. ‘स्टाउट’ म्हणजे मुळात ‘स्टाउट पोर्टर’, अर्थात अधिक कडक पोर्टर. पोर्टर ही अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये रुजलेली गडद बिअर. तिला नाव मिळाले ते ती आवडीने पिणाऱ्या हमालांवरून. त्यांना इंग्रजीत ‘पोर्टर’ म्हणत. पुढे जहाजांतून हीच बिअर मुंबई-मद्रासच्या गोऱ्या सैनिकांपर्यंतही पोहोचली.

३/ स्टाउटचा काळा रंग पुरातन आहे, असा सर्वसाधारण समज असतो. तो खरा नाही. जव भिजवून, मोड आणून, भट्टीवर वाळवले की माल्ट तयार होते. लंडनच्या पोर्टरसाठी लागणारे माल्ट लाकडाच्या जाळावर वाळवत, त्यामुळे ते तपकिरी होई. आरंभीची पोर्टर म्हणूनच तपकिरी होती, काळी नव्हे.

४/ हे चित्र एका मोजमापाच्या उपकरणाने पालटले. १७८४ मध्ये जॉन रिचर्डसन याने द्रवात किती साखर उतरली आहे हे मोजण्याची पद्धत बिअर उत्पादकांसमोर मांडली. तिने एक अप्रिय सत्य उघड केले. तपकिरी माल्ट स्वस्त दिसत असले, तरी त्यातून साखर फार कमी निघत होती. फिकट माल्ट महाग असूनही अंती परवडणारे होते. माल्टवर कर असल्याने हा हिशेब अधिकच महत्त्वाचा ठरला.

५/ उत्पादक फिकट माल्टकडे वळले आणि पोर्टरचा रंग उतरू लागला. ग्राहकाला मात्र गडद पेयच हवे होते. नेपोलियनविरुद्धच्या युद्धकाळात, १८११ मध्ये, ब्रिटिश संसदेने रंगासाठी जळकी साखर वापरण्यास मुभा दिली. १८१६ मध्ये ती काढून घेण्यात आली. आता बिअरमध्ये माल्ट आणि हॉप्स यांखेरीज रंगासाठी काहीही घालणे बेकायदा होते.

६/ या कोंडीतून वाट काढली ती डॅनियल व्हीलर याने. १८१७ मध्ये त्याने कॉफीच्या बिया भाजण्याच्या यंत्रासारख्या फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याचे पेटंट घेतले. हे काळे माल्ट चिमूटभर घातले तरी सारी बिअर गडद होई. शिवाय ते माल्टच असल्याने कायद्याचा भंगही होत नसे. आज स्टाउटची ओळख मानला जाणारा रंग आणि कॉफीसारखी चव या करव्यवस्थेच्या पोटी जन्मली.

७/ आता आंबटपणा. पोर्टर लाकडाच्या अवाढव्य पिंपांत महिनोन् महिने मुरवत. लंडनचे धनाढ्य उत्पादक पिंपांच्या आकारातही एकमेकांशी स्पर्धा करीत. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी टॉटनहॅम कोर्ट रोडजवळील म्यू यांच्या कारखान्यात सुमारे २२ फूट उंचीचे एक पिंप फुटले. त्याच्या धक्क्याने इतर पिंपेही फुटली आणि पोर्टरचा लोंढा मागची भिंत पाडून सेंट जाइल्सच्या गरीब वस्तीत शिरला.

८/ त्या दिवशी ८ जणांचा मृत्यू झाला. सर्व स्त्रिया आणि मुले. त्यांतील काही जणी तळघरात एका बालकाच्या मृतदेहाशेजारी शोक करीत बसल्या होत्या. चौकशीअंती हा दैवाने घडलेला अपघात ठरला. वाहून गेलेल्या बिअरवर भरलेला कर कारखान्याला परत मिळाला. मृतांच्या कुटुंबीयांना मात्र कारखान्याने भरपाई दिली नाही. मुरलेल्या पोर्टरच्या चवीची ही बाजूही विसरता येत नाही.

९/ त्या पिंपांच्या लाकडात एक सावकाश काम करणारे यीस्ट वसत असे. १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील क्लाउसेन या शास्त्रज्ञाने मुरवलेल्या इंग्लिश बिअरमधील या यीस्टची माहिती जाहीर केली आणि त्याला ‘ब्रेटॅनोमायसीस’, म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’, असे नाव दिले. या यीस्टमुळे आणि लाकडातील जिवाणूंमुळे जुन्या पोर्टरला आंबूस धार येत असे.

१०/ हेच यीस्ट बेल्जियममध्येही सापडते. ब्रसेल्सच्या परिसरात ‘लाम्बिक’ नावाची बिअर बनते. तिला विरजण लावत नाहीत. उकळलेला द्रव उथळ कढईत रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतील, पिंपांतील सूक्ष्मजीव पुढचे काम करतात. या बिअरमध्ये आंबट चेरी मुरवली की ‘क्रीक’ तयार होते. क्रीक हे त्या चेरीचेच फ्लेमिश नाव. फळे बियांसकट घातल्याने तिला कडू बदामासारखा गंधही येतो.

११/ क्रीकसाठी नावाजलेली चेरी ब्रसेल्सलगतच्या स्खारबेक गावची. तेथील शेतकरी ती गाढवांवर लादून बाजारात नेत. त्यावरून त्या गावाला ‘गाढवांचे गाव’ हे टोपणनावच पडले. पुढे शहर वाढत गेले, बागांच्या जागी घरे उभी राहिली. नाव टिकले, बागा गेल्या. आज अनेक उत्पादकांना चेरी दुसरीकडून आणावी लागते.

१२/ मिशिगनच्या चेरीचा मार्ग वेगळा आहे. तेथील मुख्य वाण ‘माँमोरेन्सी’. हे नाव पॅरिसच्या उत्तरेकडील एका गावाचे. १८३६ च्या करारान्वये ओडावा आणि ओजिब्वे या मूळ रहिवाशांच्या हातून मिशिगनमधील विस्तीर्ण भूभाग गेला. त्यांच्यात धर्मप्रसारासाठी आलेल्या पीटर डॉहर्टी या पाद्र्याने १८५२ मध्ये ट्रॅव्हर्स सिटीजवळच्या द्वीपकल्पावर चेरीची झाडे लावली, असे सांगितले जाते.

१३/ मिशिगन सरोवरामुळे तेथील थंडीची धार बोथट होते. त्यामुळे झाडे जोमाने वाढली. विसाव्या शतकात फळे तोडण्यासाठी टेक्सास आणि मेक्सिकोकडचे हंगामी मजूर कुटुंबांसह येत. १९६० च्या दशकात झाड गदागदा हलवून फळे पाडणारी यंत्रे आली आणि ते काम घटले. आज अमेरिकेतील बहुतांश आंबट चेरी याच राज्यात पिकते.

१४/ या चेरीची स्टाउटशी गाठ पडायला १९८० चे दशक यावे लागले. १९२० ते १९३३ च्या दारूबंदीने अमेरिकेतील असंख्य लहान कारखाने संपवले होते. घरी बिअर बनवण्याला केंद्रीय कायद्याची मान्यता मिळाली ती १९७८ मध्ये, जिमी कार्टर यांच्या स्वाक्षरीने. त्याआधी वर्षभर, १९७७ मध्ये, ब्रिटिश लेखक मायकल जॅक्सन यांच्या ग्रंथाने बेल्जियमच्या बिअर इंग्रजी वाचकांसमोर आणल्या होत्या.

१५/ मिशिगनमधील कॅलमाझू येथे लॅरी बेल यांनी १९८५ मध्ये बिअर विकण्यास आरंभ केला. सुरुवातीचे उत्पादन सूप शिजवण्याच्या १५ गॅलनच्या पातेल्यात होत असे. पुढे त्यांच्या कारखान्यातून ट्रॅव्हर्स सिटीच्या चेरीची स्टाउट बाहेर पडली. लंडनचे काळे माल्ट आणि मिशिगनचे फळ एका पेल्यात आले.

१६/ हा संयोग नवखा वाटतो. इतिहास पाहता तो तितका परका नाही. एकोणिसाव्या शतकात लोकांना ताजी, कमी मुरलेली बिअर रुचू लागली, मोठी पिंपे नाहीशी झाली आणि गडद बिअरमधून आंबटपणा ओसरला. चेरी स्टाउटमध्ये तो फळाच्या वाटेने परत येतो. तो जुन्या पोर्टरसारखा हुबेहूब नाही. पण काळ्या बिअरला आंबट धार असणे ही गोष्ट लंडनच्या हमालाला नवी वाटली नसती.

१७/ मार्च २०१२ मध्ये मिशिगनमध्ये अवेळी उष्मा पडला. झाडे लवकर फुलली, एप्रिलच्या कडाक्याने कळ्या गोठल्या आणि राज्यातील सुमारे ९० टक्के आंबट चेरी हातची गेली. स्खारबेकच्या बागा शहराने गिळल्या. येथे धोका हवामानाचा आहे. ‘पारंपरिक चव’ म्हटले की ती कायम राहील असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात कायदा, यंत्र, मजूर आणि ऋतू यांची घडी बसते तेवढाच काळ ती टिकते. (समाप्त)