वेठ : कोणी कोणास धरले?

गाडी खोळंबली, सफाई कामगार कामावर आले नाहीत, की कल्याण-डोंबिवलीच्या फलाटावर एक वाक्य हमखास कानी पडते : ‘यांनी जनतेला वेठीस धरले आहे!’ आम्हा युनियनवाल्यांना ते आता पाठ झाले आहे. ज्याचा रोज बुडतो त्याला राग यावयाचाच. परंतु हा शब्द मूळचा कोणाचा, हे एकदा पाहिले पाहिजे.

‘वेठ’ हा संस्कृत ‘विष्टि’पासून आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही विष्टि आहे. म्हणजे सत्तेने सक्तीने करून घेतलेले काम. पुढे फारसी ‘बेगार’ त्यास येऊन मिळाला आणि ‘वेठबिगार’ हा जोडशब्द झाला. धरणारा बळवान आणि धरला जाणारा दुबळा, हा त्यातला पिढीजात संबंध.

आमच्या जुन्या ठाणे जिल्ह्यात हा शब्द कोशातला नव्हता, अंगावरचा होता. उंबरगाव-डहाणूकडील वारली आधी जमीनदाराच्या शेतावर फुकट राबे, मग स्वतःच्या तुकड्याकडे वळे. लग्नासाठी कर्ज काढणारा ‘लग्नगडी’ होई आणि नवराबायको दोघेही सावकाराच्या घरी अडकत. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्यास, आपल्या कल्याण तालुक्यातच, किसान सभेची परिषद भरली. तीत माह्या धांगडा आदी वारली आले. त्याच वर्षी मे महिन्यात झरी येथे, गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने भरलेल्या सभेत ठरले : वेठ करायची नाही, बारा आण्यांखाली मजुरी घ्यायची नाही. ऑक्टोबरात तलवाड्यास पोलिसांचा गोळीबार झाला, पाचजण मेले. तरी वारली हटले नाहीत. वेठ मोडली ती कामास नकार देऊन. म्हणजे संप हे वेठीवरचे औषध होते!

पुढे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने बिगारीस बंदी केली. इंग्रजी संहितेतही ‘बेगार’ हाच देशी शब्द आला. १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनाहून कमी पैशांत, पोटाच्या गरजेने पत्करलेले कामही सक्तीचेच.

हे ध्यानी घेतले म्हणजे प्रश्न उलटा होतो. ठेकेदाराकडे किमान वेतनाखाली राबणारा माणूस एक दिवस हात थांबवतो. त्या दिवशी आपली गैरसोय होते, अडवणूकही होते. तसे खुशाल म्हणावे, आम्ही ऐकून घेऊ. पण ‘वेठीस धरले’ म्हणण्यापूर्वी एवढेच विचारावे : त्या दिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत वेठ करीत कोण होता?