‘साधे’ इंजिन, ‘खास’ इंजिन आणि रेल्वेप्रेमींमधील मतभेद

रेल्वेप्रेमी म्हटला की त्याला सगळीच इंजिने सारखी प्रिय असणार, असा सर्वसाधारण प्रवाशाचा समज असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. फलाटाच्या टोकाला कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या दोन शौकिनांसमोरून एकच गाडी जाते, त्यातील एकाचा चेहरा खुलतो आणि दुसरा कॅमेरा खाली घेतो. गाडी तीच, डबे तेच. मतभेद असतो तो पुढे जोडलेल्या इंजिनाबद्दल. रोज शेकड्यांनी दिसणाऱ्या इंजिनाची नोंद ठेवायची, की हाताच्या बोटांवर मोजता येतील अशा दुर्मीळ इंजिनांमागे धावायचे, हा या छंदातील जुना वाद आहे. वरवर पाहता तो निरुपद्रवी वाटतो. परंतु कोणते इंजिन संग्रहालयात जाणार आणि कोणते भंगारात, या प्रश्नाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

वाद समजून घेण्यापूर्वी इंजिनांच्या नावांची रीत पाहणे आवश्यक आहे. भारतीय रेल्वेत ‘डब्ल्यू’ हे अक्षर ब्रॉडगेज मार्ग दर्शविते. त्यानंतरचे ‘डी’ म्हणजे डिझेल, ‘सी’ म्हणजे डीसी वीज, ‘ए’ म्हणजे एसी वीज आणि ‘सीए’ म्हणजे दोन्हींवर चालणारे. पुढचे अक्षर कामाचे: ‘पी’ प्रवासी गाड्यांसाठी, ‘जी’ मालगाड्यांसाठी आणि ‘एम’ दोन्ही कामांसाठी. शेवटचा अंक श्रेणीचा क्रम सांगतो. एवढी बाराखडी कळली की डब्ल्यूडीएम-२ किंवा डब्ल्यूसीएएम-३ ही नावे अवघड राहत नाहीत.

सर्वांत साधे, सर्वांत लाडके

‘साधे इंजिन’ या शब्दाला भारतात अनेक दशके एकच अर्थ होता, तो म्हणजे डब्ल्यूडीएम-२. अमेरिकेतील अल्को कंपनीच्या आराखड्यावरचे हे २६०० अश्वशक्तीचे, सोळा सिलिंडरचे डिझेल इंजिन १९६२ मध्ये भारतात आले. वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह कारखान्याने जानेवारी १९६४ मध्ये आपले पहिले इंजिन बाहेर काढले आणि त्याचे लोकार्पण लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले. त्यानंतर या श्रेणीची अडीच हजारांहून अधिक इंजिने तयार झाली. मेल, एक्स्प्रेस, पॅसेंजर, मालगाडी, खडी वाहणारी गाडी, अशी कोणतीही गाडी त्याला वर्ज्य नव्हती. गंमत अशी, की मूळ अल्को कंपनीने १९६९ मध्ये इंजिने बनविणे थांबविले. तिच्या घराण्यातील इंजिने मात्र वाराणसीत त्यानंतरही कित्येक दशके तयार होत राहिली.

एका गटाच्या मते या इंजिनात पाहण्यासारखे काही नाही. पेटीसारखा आकार, पुढे-मागे आखूड आणि लांब अशी दोन नाके, ताशी १२० किलोमीटरची मर्यादा. चालकाची खोली एकाच टोकाला असल्यामुळे लांब नाक पुढे करून गाडी न्यायची वेळ आली तर समोरचे दृश्य जेमतेम दिसते. दुसरा गट याच उणिवांवर जीव टाकतो. अल्को सुरू होताना येणारा घरघराट, थांबलेल्या अवस्थेतील तुटक ठेका आणि चालकाने शक्ती वाढविताच उसळणारा काळा धूर यांचे ध्वनिमुद्रण व चित्रण करणारे शौकीन अजूनही कमी नाहीत. त्या धुरामागे साधे यांत्रिक कारण आहे. इंजिनाला इंधन तत्काळ मिळते. परंतु टर्बोचार्जरला गती घेऊन पुरेशी हवा पुरविण्यास काही क्षण लागतात. तेवढ्या वेळात अर्धवट जळलेले इंधन धुराच्या रूपाने बाहेर पडते. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष आहे, पर्यावरणाच्या दृष्टीने तर आहेच. छायाचित्रकाराला मात्र तोच क्षण हवा असतो.

अल्कोप्रेमींचे पारंपरिक प्रतिपक्षी म्हणजे ‘ईएमडी’चे चाहते. या वादाला इतिहासाची झालर आहे. साठच्या दशकाच्या आरंभी अल्कोबरोबरच जनरल मोटर्सची डब्ल्यूडीएम-४ ही इंजिनेही आयात झाली होती. संख्या अवघी ७२. शक्ती तेवढीच, २६०० अश्वशक्ती. पण धाव सफाईदार. १ मार्च १९६९ रोजी सुरू झालेल्या दिल्ली-हावडा राजधानी एक्स्प्रेससाठी रेल्वेने निवड केली ती याच इंजिनाची. तरीही देशात उत्पादन करण्याचा करार झाला तो अल्कोशी, कारण तंत्रज्ञान हस्तांतरित करण्याची तयारी अल्कोने दाखविली होती. परिणामी एक इंजिन ‘साधे’ झाले आणि दुसरे ‘खास’. गुणवत्तेपेक्षा कराराच्या अटींनी ही विभागणी केली, हा मुद्दा उभय पक्षांच्या वादात अनेकदा विसरला जातो. १९९९ मध्ये जनरल मोटर्सचेच ४००० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीजी-४ भारतात आले आणि या वेळी वाराणसीत त्याचे उत्पादनही झाले, तेव्हा ईएमडीच्या चाहत्यांना उशिरा का होईना, न्याय मिळाल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही.

साध्यातही खास शोधण्याची रेल्वेप्रेमींची हातोटी विलक्षण आहे. डब्ल्यूडीएम-२ च्या हजारोंच्या गर्दीत एका छोट्या तुकडीचे आखूड नाक रुंद आणि चालकाच्या खिडक्या मोठ्या होत्या. समोरचे अधिक दिसावे म्हणून केलेला हा बदल. या इंजिनांना ‘जंबो’ हे टोपणनाव मिळाले आणि जंबो जोडलेली गाडी पाहण्यासाठी लोक वाट वाकडी करू लागले. यांत्रिकदृष्ट्या ते इतर इंजिनांहून फारसे निराळे नव्हते.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न पुनर्बांधणीचा आहे. कित्येक डब्ल्यूडीएम-२ इंजिनांचे पतियाळा येथील कारखान्यात नूतनीकरण होऊन त्यांची ३१०० अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-३ए झाली. क्रमांकापुढे ‘आर’ हे अक्षर लागले. सांगाडा जुना, आतील यंत्रणा बरीचशी नवी. आता हे इंजिन कोणत्या वर्षाचे मानायचे? सांगाडा धरून चालणारे ते सत्तरच्या दशकातील मानतात. यंत्रणा धरून चालणारे त्याला अस्सल मानायलाच तयार नसतात.

घाटातील खेकडा

मुंबई-पुण्याच्या रेल्वेप्रेमींना मात्र ‘खास’ इंजिनासाठी दूर जावे लागले नाही. देशातील पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली, ती १५०० व्होल्ट डीसी विजेवर. पुढे हीच प्रणाली बोर आणि थळ घाट ओलांडून पुणे व इगतपुरीपर्यंत गेली. उर्वरित देशाने नंतर २५ हजार व्होल्ट एसीचा मार्ग स्वीकारल्यामुळे मुंबईचे डीसी जाळे एखाद्या बेटासारखे राहिले, आणि बेटावर जसे वेगळे प्राणी आढळतात तशी येथे वेगळी इंजिने नांदली.

त्यांतील सर्वांत विचित्र होते डब्ल्यूसीजी-१. १९२८ पासून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे आलेल्या या ४१ इंजिनांची घडण स्विस ‘मगर’ इंजिनांच्या धर्तीची होती. मध्ये खोली, दोन्ही बाजूंना लांब नाके आणि वळणावर वाकणारे सांधे. आपल्याकडे त्याला ‘खेकडा’ म्हणत. चाकांना जोडणारे दांडे आणि चालताना व उभे असतानाही होणारे त्याचे कण्हणे यांमुळे हे नाव त्याला शोभूनही दिसे. दर ३७ फुटांना एक फूट चढ असलेल्या घाटात सुमारे सहा दशके त्याने सेवा केली. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ‘सर लेस्ली विल्सन’ हा खेकडा आहे. दुसरा मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात आहे. शाळेच्या सहलीत त्यावर चढलेल्या पिढ्यांना तो दुर्मीळ ऐवज असल्याची कल्पनाही नसते.

याच घराण्यात १९६१ चे ‘लोकमान्य’ येते. चित्तरंजन कारखान्याने बांधलेले हे पहिले विद्युत इंजिन. पंडित नेहरूंच्या उपस्थितीत १४ ऑक्टोबर १९६१ रोजी ते सेवेत आले. या डब्ल्यूसीएम-५ श्रेणीची एकूण २१ इंजिने झाली. त्यानंतरची डब्ल्यूसीजी-२ इंजिने संख्येने ५७. त्यांचे आयुष्य प्रामुख्याने मालगाड्या ओढण्यात आणि कर्जत व कसाऱ्याहून गाड्यांना मागून रेटा देणारे ‘बँकर’ म्हणून गेले. गाडीच्या शेपटाशी राबणाऱ्या इंजिनाची छायाचित्रे फारशी कोणी काढत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या वादात सर्वाधिक अन्याय झाला असेल तर तो या बँकरवर.

एसी आणि डीसी अशा दोन्ही विजांवर चालणारी इंजिने ही मुंबईची आणखी एक मिरास. पश्चिम रेल्वेसाठी सत्तरच्या दशकात ५३ डब्ल्यूसीएएम-१ तयार झाली. नव्वदच्या दशकात भेल कंपनीने डब्ल्यूसीएएम-२ व डब्ल्यूसीएएम-३ दिली. यांतील शेवटचे पुण्याच्या प्रवाशांना इतके परिचयाचे झाले, की त्याच्याकडे कोणी मान वर करून पाहत नसे. दिल्ली किंवा चेन्नईचा रेल्वेप्रेमी मात्र त्यासाठी मुद्दाम मुंबईला येई. एकच इंजिन एका गावी साधे आणि दुसऱ्या गावी खास, याचे यापेक्षा उत्तम उदाहरण मिळणार नाही. पश्चिम रेल्वेवरील डीसी २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील २०१५ मध्ये संपली. एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गही एसीवर गेला. एक्याण्णव वर्षांची प्रणाली बंद पडताच दुहेरी विजेच्या इंजिनांचे वेगळेपणही संपले आणि पुण्याच्या फलाटावर ज्यांनी कधी त्यांची दखल घेतली नव्हती, तेच त्यांच्या मागे धावू लागले.

नवे ‘साधे’

आज डब्ल्यूडीएम-२ ची जागा डब्ल्यूएपी-७ ने घेतली आहे. ६ हजारांहून अधिक अश्वशक्तीचे हे विद्युत इंजिन २००० च्या सुमारास अवतरले, तेव्हा त्याची संख्या इतकी कमी होती, की ते दिसणे हीच बातमी असे. पुढे उत्पादन वाढत गेले, संख्या हजाराच्या पलीकडे पोहोचली आणि राजधानीपासून साध्या एक्स्प्रेसपर्यंत सर्वत्र तेच दिसू लागले. आता तक्रार अशी, की कोठेही गेले तरी तेच इंजिन. समर्थकांचे उत्तरही तयार आहे. २४ डब्यांची गाडी ते सहज उचलते, डब्यांतील दिवे आणि वातानुकूलनासाठी लागणारी वीज स्वतःच पुरविते, आणि त्यामुळे कानठळ्या बसविणारी जनरेटर गाडी जोडावी लागत नाही. प्रवाशाच्या दृष्टीने हे इंजिन नि:संशय उत्तम आहे. रेल्वेप्रेमीची तक्रार मात्र गुणवत्तेविषयी नसते, ती एकसुरीपणाविषयी असते. त्याच काळातील डब्ल्यूएपी-५ कमी संख्येमुळे आणि ताशी १६० किलोमीटरच्या गतिमान एक्स्प्रेसमुळे अजूनही आपला मान राखून आहे.

वाफेच्या काळातही हेच घडले होते. १९४७ पासून आलेली, बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाची डब्ल्यूपी इंजिने ७५५ झाली. मालगाड्यांची डब्ल्यूजी इंजिने २४५०. आज वारसा गाडी म्हटली की डोळ्यांसमोर येते ती देखणी डब्ल्यूपी. देशाचा कोळसा, पोलाद आणि धान्य ज्यांनी वाहिले त्या डब्ल्यूजीचे नाव शौकिनांच्या वर्तुळाबाहेर क्वचितच ऐकू येते.

भंगाराच्या दारात

डिझेल इंजिनाचे सेवेतील आयुष्य साधारण ३६ वर्षे धरले जाते. ब्रॉडगेजचे विद्युतीकरण वेगाने झाल्यामुळे कित्येक इंजिनांना तेवढेही मिळाले नाही. कोकण रेल्वे हा डिझेलप्रेमींचा बालेकिल्ला. त्याच्याही संपूर्ण विद्युतीकरणाचे लोकार्पण जून २०२२ मध्ये झाले. वाराणसीच्या कारखान्याने दोन जुन्या डिझेल इंजिनांपासून १० हजार अश्वशक्तीचे जोड विद्युत इंजिन घडवून पाहिले; फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी त्याला हिरवा झेंडा दाखविला. २०२० मध्ये खुद्द कारखान्याच्या नावातूनही ‘डिझेल’ हा शब्द गेला आणि तो बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाला.

अशा वेळी जतन कशाचे करायचे? पहिले, शेवटचे, सर्वांत वेगवान, नामांकित व्यक्तीचे नाव लाभलेले, अशा इंजिनांना जागा मिळते. दुर्मीळांच्या पाठीराख्यांचे म्हणणे असे, की जागा आणि पैसा मर्यादित असल्याने हेच योग्य. साध्यांच्या पाठीराख्यांचा प्रतिवाद असा, की लोकांनी प्रत्यक्षात ज्यामागे बसून प्रवास केला ते इंजिनच संग्रहालयात नसेल तर तो इतिहास कोणाचा? ‘एवढी आहेत, एखादे राहीलच’ या समजुतीवर विसंबून चालत नाही, याचा धडा ब्रिटनने घेतला आहे. तेथील डिझेल ‘डेल्टिक’ अवघी २२. त्यांतील ६ जतन झाली. उलट पेपरकॉर्न ए-१ श्रेणीची ४९ वाफेची इंजिने १९६६ पर्यंत एकूण एक मोडीत निघाली. चूक ध्यानात आली तेव्हा नमुन्यालाही एक उरले नव्हते. अखेर शौकिनांनी १९९० मध्ये वर्गणी काढून तसेच नवे इंजिन बांधण्यास घेतले. ‘टोर्नेडो’ नावाचे ते इंजिन २००८ मध्ये रुळावर आले, आणि त्यासाठी सुमारे ३० लाख पौंड मोजावे लागले.

आपल्याकडे डब्ल्यूडीएम-२ बाबत अजून तशी वेळ आलेली नाही. काही इंजिने स्थानके, शेड आणि कारखान्यांच्या आवारात रंगवून उभी केली आहेत. परंतु उभे ठेवलेले इंजिन आणि चालू स्थितीतील इंजिन यांत फरक आहे, आणि अल्कोच्या बाबतीत तो अधिकच. कारण त्याच्या चाहत्यांना जे हवे आहे ते त्याच्या रंगात नसून आवाजात आहे. सुटे भाग मिळत आहेत आणि त्यांवर हात बसलेले कारागीर शेडमध्ये आहेत, तोवर एखादे तरी इंजिन धावते ठेवावे, या मागणीवर जंबोवाले, अल्कोवाले आणि ईएमडीवाले यांचे सहसा एकमत होते. ते कोणत्या क्रमांकाचे असावे, हा प्रश्न निघाला की पुन्हा वाद सुरू होतो.