होन आणि शिवराई

नाणं नुसतं जुनं म्हणून महाग होत नाही. मागं किती उरली, त्यावर त्याचं मोल ठरतं. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन पाडला, तांब्याची शिवराईही पाडली. दोन्हींवर एकीकडं ‘श्री राजा शिव’, दुसरीकडं ‘छत्रपति’. शिवराई पुढं पेशवाईतही पडत राहिली, बाजारात रुळली, म्हणून अजून पुष्कळ दिसते. होन मुळात थोडे, त्यात सोनं. अडीनडीला सोनं आटवलं जातंच. आता हाताच्या बोटांवर मोजावेत इतके उरलेत, म्हणून संग्राहक त्यापायी जीव टाकतात. तुमच्या देव्हाऱ्यात शिवराई असेल, तर चिंचेनं घासू नका, मोडीत घालू नका. अक्षरं गेली की उरतं नुसतं तांबं.